विहिणीची लस

बसम्माच्या स्वभावात हेवा होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. मैंदर्गीला माहेरी असताना धाकट्या बहिणीला तिच्याआधी नवी साडी आली, तर ही त्या दिवशी जेवली नव्हती. लग्न होऊन सोलापूरला आली. नवऱ्याचं, रुद्रप्पाचं, नवी पेठेत खण आणि ब्लाउजपीसचं दुकान होतं. थोड्याच दिवसांत तिला त्या दुकानाचाच हेवा वाटायला लागला, कारण रुद्रप्पा घरी येऊन पानावर बसला तरी खणांच्या काठांबद्दलच बोलायचा. गल्लीतल्या बायका हसायच्या, "बसम्माला सूर्याचाबी हेवा वाटतो. तिच्या आदी उठतो म्हनून."

पण अडचण आली की याच बायका पहिल्यांदा तिच्या दारात यायच्या. हेवा करायची तसाच ती जीवही लावायची. कुणाच्या घरी बाळंतीण आली की बसम्मा अळिवाची खीर घेऊन हजर. कुणाचं पोर दूध ओकायला लागलं तर त्याला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालणार तीच. समोरच्या घरात रेश्मा नावाची पोरगी भाड्यानं राहत होती, नवरा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. रेश्माला सासू नव्हती, आईही नव्हती. ती प्रत्येक गोष्ट बसम्माला विचारून करायची, पोरीच्या कानात तेल घालायचं की नाही इथपर्यंत.

बसम्माला पोर उशिरा झालं, आणि एकच झालं. त्या गुरुशांतचं लग्न मोडनिंबच्या शिवलीलाशी झालं. शिवलीला शहाणी होती, पतसंस्थेत नोकरीला होती, आणि सासूला कानडी रिवाजानं 'अत्ती' म्हणायला तिनं पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं. सुनेशी बसम्माचं फारसं वाजलं नाही. वाजलं ते सुनेच्या आईशी, आणि तेही एक शब्द न बोलता.

विहीणबाईंचं नाव वैजयंती. नवरा लवकर गेला, पुढं अंगणवाडीत सेविका म्हणून उभं आयुष्य काढलं, आता निवृत्त होऊन एकटीच राहायची. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. 'हाय' नाही, 'आहे'. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, त्यामुळं नातू जन्मला तो वैजयंतीच्या हातावर. बसम्मा बारशाला गेली, पाळण्यात घालायचा सोन्याचा दागिना घेऊन गेली, नाव प्रभुलिंग ठेवायचं तिनंच ठरवलं. तरी परतताना एसटीत ती रुद्रप्पाला म्हणाली, "बघितलं न्हवं? बाळाला माज्या मांडीवर धड बसूसुदिक दिलं न्हाय त्या बाईनं."

"बाळ झोपलं होतं, बसम्मा."

"तिनंच झोपवलं होतं."

बाळ-बाळंतीण सोलापूरला आली तेव्हा वैजयंती पोचवायला आली होती. उंबऱ्यात बसम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढं केले. बाळ तिच्याकडं आलं आणि टाहो फोडून रडलं. तिनं थोपटलं, गाणं म्हटलं, देव्हाऱ्यातली घंटा वाजवून दाखवली. काही केल्या राहीना. मग वैजयंतीनं शेजारी उभी राहून जिभेनं नुसतं टक् टक् केलं आणि पोरगं गप्प झालं. शिवलीला हसली. रुद्रप्पाही हसला. बसम्माच्या पोटात मात्र तेव्हा जो निखारा पडला, तो तसाच राहिला.

शिवलीला कामावर जायला लागली आणि प्रभू दिवसभर बसम्माच्या ताब्यात आला. तेल, अंघोळ, धुरी, मऊ भात, दुपारची झोप, सगळं तीच बघायची. ती त्याच्याशी कानडीतच बोलायची. वाटायचं, आता हा आपला झाला. पण संध्याकाळी शिवलीला मोबाईल समोर धरायची, पडद्यावर वैजयंती दिसायची आणि प्रभू दोन्ही हातांनी फोन ओढून त्याला चाटायला बघायचा. बसम्मा स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तो हसण्याचा आवाज ऐकायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

लसींचंही तसंच झालं होतं. पहिल्या सगळ्या लसी मोडनिंबलाच झालेल्या, वैजयंतीनं स्वतः नेऊन दिलेल्या. महापालिकेच्या दवाखान्यातली सिस्टर एकदा घरी आली, तिनं बाळाचं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "छान. बाळाच्या आजीनं एकही चुकवलेली दिसत नाही." बाळाची आजी तर तिच्यासमोर पाट घेऊन बसली होती. त्या दिवसापासून बसम्माच्या मनात लस ही विहिणीची वस्तू झाली.

नवव्या महिन्यात गोवराची लस द्यायची होती. गोवर म्हटलं की बसम्मा एरवीही मागं सरायची. तिच्या आईनं शिकवलं होतं की गोवर हा रोग नव्हे, मरगम्मा देवी पाहुणी येते. पोराच्या अंगावर उमटते, घराची माया बघते आणि मान ठेवला तर निघून जाते. दाराला कडुलिंब बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि पोर बरं झालं की दहीभाताचा नैवेद्य देऊन तिची बोळवण करायची. गुरुशांतला लहानपणी आला होता, गेला. गल्लीतल्या कितीतरी पोरांना आला, गेला. मग सुई टोचून देवीला दारातनंच परत पाठवायचं, हे तिला पटत नव्हतं. रेश्मानं तिच्या पोरीच्या लसीचं विचारलं होतं तेव्हाही ती हेच म्हणाली होती, "बाकीच्या देऊन टाक. ही ऱ्हाऊ दे. येनाऱ्या पाव्हनीला दार लावू ने." रेश्मानं ऐकलं होतं.

लसीचा बुधवार आला तेव्हा शिवलीलाला रजा मिळाली नाही. "अत्ती, तुम्ही न्याल ना?"

"नेती की."

बसम्मानं प्रभूला न्हाऊमाखू घातलं, टोपडं बांधलं, कार्ड पिशवीत टाकलं आणि निघाली. दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. तिथं ती थांबली. आत आपल्यासारख्याच बायका पोरं घेऊन बसलेल्या. तिच्या मनात आलं, लस टोचली की संध्याकाळी फोनवर ती बाई म्हणणार, 'छान केलंत हं बसम्माताई.' शाळेतल्या पोराला शाबासकी देतात तसं. ती वळली आणि प्रभूला घेऊन देवळात जाऊन बसली.

घरी येऊन तिनं सांगितलं, "सर्दी हाय म्हनून सिस्टरनं माघारी धाडलं."

संध्याकाळी फोनवर वैजयंती म्हणाली, "साध्या सर्दीत देतात की लस. अडवत नाहीत." ती पुढं म्हणाली, "मी येऊन घेऊन जाऊ का त्याला?"

स्वयंपाकघरात बसम्मानं हातातलं उलथनं खाली ठेवलं. बाहेर येऊन फोनकडं न बघता शिवलीलाला म्हणाली, "सांग आईला, हितं मानसं हायीत. येवड्या लांबनं यायची तसदी नको. पुडच्या बुधवारी मी नेती."

पुढचा बुधवार गड्ड्याच्या जत्रेत गेला. त्यानंतरच्या बुधवारी बसम्माचा गुडघा धरला. मधेच सिस्टर घरी येऊन गेली, तेव्हा बसम्मानं सांगितलं की बाळ आईच्या माहेरी जाणार आहे, तिथंच देतील. गुरुशांत एकदा बोलला, तर ती त्याच्यावरच उखडली, "तुला आला न्हवता व्हय गोवर? मेलास का?" तो उठून बाहेर गेला. शिवलीला मात्र त्या दिवशी सासूकडं जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "येत्या बुधवारी मी बिनपगारी रजा टाकते, अत्ती."

पण त्या बुधवारच्या आधीच समोरच्या रेश्माच्या पोरीला ताप आला. डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, मग कानामागून पुरळ उठलं आणि तोंडभर पसरलं. पोरगी तीन वर्षांची, दिवसातनं चारदा प्रभूच्या गालाला गाल लावायला यायची. आदल्या दिवसापर्यंत येत होती.

बसम्मा कडुलिंबाचा डहाळा घेऊन गेली. दाराला बांधला, पोरीच्या अंगावरनं पाला फिरवला, हात जोडले. रेश्माला म्हणाली, "भिऊ नको. आई आलीया, जाईल."

आई गेली नाही. पोरीची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. रेश्माच्या नवऱ्यानं रिक्षा आणली आणि पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. बसम्माही सोबत गेली. डॉक्टरीण तरुण होती, दमलेली होती. तिनं विचारलं, "गोवराची लस दिली नव्हती?"

"न्हाय," रेश्मा म्हणाली. बसम्मा शेजारीच उभी होती, तरी तिच्याकडं बोट न दाखवता, जसं घडलं तसं तिनं सांगितलं, "आमच्या मावशी म्हनल्या, नको. त्या म्हनतात ते मी करती."

डॉक्टरीण लिहीत राहिली. बसम्माला वाटत होतं, तिनं ओरडावं. ओरडली असती तर उलट बोलता आलं असतं.

घरी आल्यावर तिनं मैंदर्गीला थोरल्या भावाला फोन लावला. शिवयोगी म्हातारा झाला होता, ऐकायला कमी यायचं. तिला त्याच्याकडनं एकच गोष्ट ऐकायची होती.

"अण्णा, आपल्या घरात गोवर आलता न्हवं सगळ्यास्नी? आईनं लिंबाच्या पाल्यावरच बरं केलंतं न्हवं?"

"व्हय. सगळ्यांस्नी एकदमच."

"कुणाला काय झालं न्हाय."

तिकडं त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "गौरव्वाला धरत न्हाईस का तू?"

गौरव्वा. बसम्माहून मोठी, शिवयोगीहून लहान. बसम्माला तिचा चेहराही आठवत नव्हता, लांब वेणी तेवढी आठवत होती. भावंडं किती असं कुणी विचारलं की ती गौरव्वाला सोडूनच सांगायची, कारण आई तसंच सांगायची.

"तिला तर देवीनं नेलं," बसम्मा म्हणाली.

"तसं आई लोकांत म्हनायची. शेतात गेली की बांधावर बसून रडायची. मला म्हनायची, पोरीला धाप लागली तवा सरकारी बाई सुई घिऊन आलती, मी दारातनं घालवली. पावनीनं ज्येवून जावं, पोर न्यायचं काय कारन हुतं?" फोनमध्ये त्याचा श्वास वाजत होता. "का गं? प्रभूला काय झालंय का?"

"न्हाय. काय न्हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रभू तिच्यासमोर सतरंजीवर बसून स्टीलची वाटी आपटत होता. त्याच्या गालाकडं ती निरखून बघत राहिली. एखादा ठिपका दिसतोय का? कानामागं? काही नव्हतं. ती तशीच बसून विचार करत राहिली, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा स्वतःशी खोटं न बोलता. देवीवर तिची श्रद्धा होती, ती खरी होती. पण त्या बुधवारी दवाखान्याच्या कोपऱ्यावरनं ती वळली, तेव्हा देवी तिच्या डोक्यात नव्हतीच. तिथं वैजयंती होती. देवीचं नाव मागनं घेतलं होतं, माणूस पदर ओढून घेतो तसं.

तिनं ठरवलं, बुधवारची वाट बघायची नाही, उद्या उजाडलं की न्यायचं. कुणी सांगायच्या आत.

सकाळी ती प्रभूला टोपडं बांधत असताना दारावर थाप पडली. दारात वैजयंती उभी. पहाटेची एसटी धरून आली होती, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. समोरच्या पोरीचं शिवलीलानं रात्री कळवलं होतं.

"बसम्माताई," ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "रागावू नका. मी न विचारता आले. चला, मी घेऊन जाते त्याला."

निखारा एकदम भडकला. बसम्माचा हात टोपड्याच्या गाठीवर तसाच राहिला. आता गेलं काय आणि न गेलं काय, सगळे म्हणणार, विहीण आली म्हणून झालं. गुरुशांत म्हणेल, शिवलीला म्हणेल, सिस्टर तर म्हणेलच. एक क्षण तिच्या जिभेवर आलं, 'आज नको, त्याचं अंग कोमट लागतंय.' शब्द दातांपर्यंत आले होते. समोरच्या बंद दाराला बांधलेला कडुलिंब तिला दिसत होता. एका रात्रीत वाळला होता.

"मी निगालीच हुती," ती म्हणाली.

वैजयंती किंचित हसली. न पटल्यासारखं. बसम्मानं ते हसू बघितलं आणि गिळलं. ते गिळणं तिला फार जड गेलं.

दोघी रिक्षात बसल्या, प्रभू मधे. दवाखान्यात सिस्टरला बसम्मानं सगळं सांगितलं, समोरच्या घरात गोवर आहे, पोरगी याला रोज खेळवायची. सिस्टर म्हणाली, "संसर्ग आधीच झाला असेल तर आज सांगता येणार नाही. पण आज बुधवार नसला तरी लस आत्ताच देऊन टाकू. उशीर करण्यात काही अर्थ नाही." मग तिनं विचारलं, "कोण धरतंय बाळाला?"

"माझ्याकडे द्या," वैजयंतीनं हात पुढं केले. "मला सवय आहे."

बसम्माला ठाऊक होतं की टोचताना जो धरतो, पोर त्याच्यावर रुसतं. आतापर्यंतच्या सगळ्या सुया वैजयंतीनं धरलेल्या, तरी पोर तिच्यावरच भाळलेलं, ही गोष्ट वेगळी. आता तो मोठा झाला होता, त्याला कळत होतं. धरू दे की हिलाच, असंही मनात येऊन गेलं. पण तिनं प्रभूला छातीशी घट्ट घेतलं आणि म्हणाली, "मीच धरती. लांबवलं मी, धरती बी मीच."

सुई गेली. प्रभूनं आधी तोंड उघडलं, मग बसम्माच्या डोळ्यांत बघितलं, अगदी सरळ, आणि मग किंचाळला. दोन्ही हातांनी तिला ढकललं आणि वैजयंतीकडं झेपावला. वैजयंतीनं त्याला घेतलं, आणि तेच ते टक् टक्.

बसम्मा जाऊन बाकावर बसली. अर्धा तास थांबायचं होतं. वैजयंती त्याला घेऊन शेजारी बसली. तो तिच्या खांद्यावर हुंदके देत होता आणि बसम्माकडं पाठ करून होता.

"त्याला सर्दी नव्हती त्या दिवशी," बसम्मा समोर बघत म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग बोलला न्हाईत ते?"

"बोलले असते तर तुम्ही आणखी लांबवलं असतं." वैजयंतीनं प्रभूचं नाक पदरानं पुसलं. "अंगणवाडीत इतकी वर्षं काढली. नको म्हणणाऱ्या आया खूप बघितल्या. पण तुमचं तसं नव्हतं. तुमचं माझ्यावर होतं."

बसम्मानं पिशवीतलं कार्ड उगाच काढून बघितलं.

"आणि माझं तुमच्यावर," वैजयंती म्हणाली. "दिवसभर तुमच्या मांडीवर असतो. मला फोनमध्ये दिसतो, तेही रेंज असली तर. तुमच्या हातचा मऊ भात खाताना बघते ना, तेव्हा फोन बंद करावासा वाटतो. घरात बोलायला भिंती आहेत मला."

हे ऐकून बसम्माला बरं वाटलं. आतून, चांगलंच बरं वाटलं. दुसऱ्याच्या एकटेपणानं आपल्याला बरं वाटावं, हे चांगलं नव्हे, एवढं तिला कळत होतं. तरी त्या दिवशी जे सुख मिळालं ते तिनं घेतलं. मग म्हणाली, "मागं माडीवरची खोली रिकामीच हाय. सनावाराला या. पर आदी फोन करून या."

प्रभूला त्या रात्री थोडा ताप आला आणि उतरला. पुढं कितीतरी दिवस बसम्मा रोज सकाळी त्याचे कान मागून पुढून बघायची. गोवर काही उमटला नाही. चार-पाच दिवस तो तिच्याकडं जायला मात्र तयार नव्हता, आणि वैजयंती तेवढे दिवस तिथंच राहिली, म्हणजे त्याला जायला दुसरी मांडीही होती. ते दिवस बसम्मानं दात दाबून काढले. भाकऱ्या करपल्या, रुद्रप्पानं न बोलता खाल्ल्या.

रेश्माची पोरगी वाचली. घरी आली तेव्हा हातापायाच्या काड्या झाल्या होत्या आणि एका कानातून पाणी वाहत होतं. बसम्मा दहीभात घेऊन गेली, कारण पाहुणीची बोळवण करायची राहिली होती. देवीपुढं ठेवला आणि मनात म्हणाली, जेव आणि जा, पुन्हा कुणाच्या घरी येऊ नको. मग रेश्मासमोर बसली. "माजं ऐकलंस, चुकलीस तू. माजंच चुकलं हुतं." रेश्मा रडली नाही, रागावलीही नाही. ती म्हणाली, "आता कानाच्या डॉक्टराकडं दर आठवड्याला न्यावं लागतंय, मावशी. मला कामाचं खाडं परवडत न्हाईत." तेव्हापासून दर सोमवारी बसम्माच त्या पोरीला घेऊन जाते. रांगेत बसते, नंबर लागला की डॉक्टरला नीट विचारते, आणि न समजलं तर पुन्हा विचारते. पोरीला डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं. सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. बसम्मा उजव्या बाजूला बसून तिच्याशी बोलते.

या वर्षी प्रभूच्या दुसऱ्या डोसची वेळ आली. आदल्या दिवशी बसम्मानं स्वतः मोडनिंबला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"उद्या नेतीय त्याला. यायचं तर या."

"येते," वैजयंती म्हणाली. "यावेळी मी धरू का?"

"न्हाय," बसम्मा म्हणाली. "तुमी सकाळच्या गाडीनं या. मी कडक भाकरी आन शेंगाची चटणी करून ठेवती. धरायचं मात्र माज्याकडं."